पाठ्यपुस्तकासाठी रणकंदन, शिक्षकासाठी प्रमाणपत्र

दर दोन-तीन वर्षांनी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावरून आपल्याकडे एक वादळ उठते. कोणाचा एकेरी उल्लेख झाला, कोणाचे चित्र लहान छापले, कोणता पाठ गाळला आणि कोणता घुसडला, यावरून निवेदने दिली जातात, मोर्चे निघतात, वाहिन्यांवर सायंकाळच्या चर्चा रंगतात. २०१७ साली महाराष्ट्रात सातवीची व नववीची नवी पुस्तके आली, तेव्हा मोगलांची पाने कमी झाली म्हणून पुरोगामी मंडळींनी आकांत मांडला. २०२३ साली एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून तोच आकांत त्याच शब्दांत पुन्हा झाला. आपल्या बाजूनेही त्याला तितक्याच त्वेषाने उत्तरे दिली गेली आणि ती द्यायलाच हवी होती. ज्यांनी अनेक दशके या देशाचा इतिहास दिल्लीच्या तख्ताभोवतीच फिरत ठेवला, त्यांना जाब विचारणे हा गुन्हा नव्हे.

परंतु या साऱ्या रणकंदनात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. ते पुस्तक हाती घेऊन वर्गात उभा कोण राहणार आहे? पुस्तकातील अर्ध्या पानासाठी जे लोक रस्त्यावर उतरतात, त्यांच्यापैकी कितीजणांना आपल्या मुलाला इतिहास आणि नागरिकशास्त्र कोण शिकवते याची माहिती आहे? ती व्यक्ती इतिहासाची पदवीधर आहे की चित्रकलेचे तास कमी पडले म्हणून तिच्या गळ्यात इतिहास बांधला गेला, याची चौकशी किती पालकांनी केली? आग रामेश्वरी लागली आहे आणि आपले बंब सोमेश्वरी धावत आहेत. पुस्तक कितीही राष्ट्रीय दृष्टीने लिहा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

इतिहासाचा एकही प्रश्न नसलेली परीक्षा

गिरगाव, दादर किंवा परळच्या एखाद्या अनुदानित मराठी शाळेत इतिहासाच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली, तर ती कशी भरली जाते हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असेल. उमेदवाराने पदवी घेतलेली असते आणि २०१५ पासून दोन वर्षांचा झालेला बी.एड. अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो. त्यानंतर त्याला ‘शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी’ द्यावी लागते. ही परीक्षा २०० गुणांची. त्यांतील १२० गुण अभियोग्यतेला, ८० गुण बुद्धिमत्तेला. संख्यामालिका पूर्ण करा, गटात न बसणारा शब्द ओळखा, आकृतीचे आरशातील प्रतिबिंब सांगा. इतिहास या विषयाचे ज्ञान तपासणारा विभाग त्यात नाही. या गुणांच्या आधारे ‘पवित्र’ प्रणालीतून नावे येतात. संस्थेने मुलाखतीचा पर्याय घेतला असेल, तर निदान उमेदवाराला दोन शब्द बोलते करता येते. नाहीतर यादीतील नाव हेच प्रारब्ध.

यावर कोणी म्हणेल की टीईटी आहे ना! ती आहे, परंतु पहिली ते आठवीपुरती. तिच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत १५० पैकी ६० गुण सामाजिक शास्त्रांना आहेत आणि सारे प्रश्न बहुपर्यायी. अफजलखानाचा वध १६५९ साली झाला हे ज्याला आठवते तो तेथे उत्तीर्ण होईल. त्या घटनेची साधने कोणती, बखर आणि समकालीन पत्र यांत अधिक विश्वासार्ह काय, हे वर्गातील तेरा वर्षांच्या मुलाला कसे समजवावे, याची परीक्षा चार पर्यायांतून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये निर्णय दिला आणि सेवेची पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक झाली. न्यायालयाचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु त्यानंतर शिक्षक-खोल्यांतून चर्चा सुरू झाली ती मार्गदर्शन वर्गांची आणि सरावसंचांची. जो शिक्षक कालपर्यंत मुलांना ‘पाठांतर करू नका’ असे सांगत होता, तोच आज मधल्या सुटीत पाठांतर करीत बसला आहे.

बी.एड. महाविद्यालयांविषयी अधिक न बोललेले बरे. देशातील शिक्षक-शिक्षणाची दुरवस्था तपासणारा न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग सर्वोच्च न्यायालयाने नेमला, तो महाराष्ट्रातील अध्यापक पदविका महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून. आयोगाने २०१२ साली अहवाल दिला. म्हणजे या व्याधीचे निदान देशाला झाले ते आपल्याच राज्याच्या नाडीवर बोट ठेवून. त्याचे भूषण मानायचे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. पुढे इंग्रजी, गणित आणि विज्ञान या विषयांसाठी तीत सवलत दिली गेली. इतिहासाला नाही! राज्यकर्त्यांच्या लेखी कोणता विषय शिकवणाऱ्यावाचून अडत नाही, हे याहून स्पष्टपणे कोणी सांगितले नसेल. ‘पवित्र’मार्गे भरती हलू लागली ती २०१९ साली. या सात वर्षांत काय झाले? तीस-पस्तीस वर्षे इतिहास शिकवलेले एकेक जुने शिक्षक निवृत्त झाले. त्यांच्या टाचणवह्या, स्वतः रंगवलेले नकाशे, जमवलेली कात्रणे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या धड्याला मुले अडखळतात याचे ज्ञान, हे सारे घेण्यासाठी मागे कोणी उभे नव्हते. नवा शिक्षक आला तेव्हा जुना गेलेला होता आणि मधल्या काळात त्याचे तास मराठीच्या, हिंदीच्या, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांत वाटून टाकलेले होते. गुरुपरंपरेचा उच्चार आपण व्यासपीठावरून उठता-बसता करतो. ती परंपरा आपल्या डोळ्यांदेखत तुटली आणि आपल्याला त्याची वार्ताही नव्हती.

जो नवा आला तो पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’. ही योजना २००० सालची. जानेवारी २०२३ पासून त्याचे मासिक मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झाले. त्यापूर्वी ते अनुक्रमे ६, ८ आणि ९ हजार होते. आता १८ हजारांत लालबागला खोली मिळत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. तो बदलापूरहून किंवा विरारहून येतो, पाच-सहा तास घेतो आणि परततो. या माणसाने ग्रंथालयात कधी जावे?

पन्नास तासांचा संसार

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास असावा, असे म्हटले. धोरण उत्तम आहे. या देशात शिक्षकाच्या सतत वाढीचा इतका स्पष्ट आग्रह धरणारा दस्तऐवज यावा, याचे आम्ही स्वागतच केले. प्रश्न त्या ५० तासांत होते काय, हा आहे.

२०१९ साली ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झाले, कोरोनाकाळात ते ‘दीक्षा’ मंचावर पडद्यावरचे झाले. चित्रफीत लावायची, शेवटी प्रश्नांची उत्तरे द्यायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. चित्रफीत एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक ज्याने पाहिले नाहीत, त्याने शाळाच पाहिली नाही. दोष शिक्षकाचा आहे असे आम्ही मानत नाही. सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनावर त्यात एक घटक जरूर आहे. परंतु कच्छ ते कामरूप एकच घटक, जो परळच्या शिक्षकाला परळविषयी काही सांगू शकत नाही आणि गडचिरोलीच्या शिक्षकाला गडचिरोलीविषयी. प्रत्यक्ष वर्ग भरतात तेव्हाही गणिताचे, इंग्रजीचे आणि इतिहासाचे शिक्षक बहुधा एकाच सभागृहात बसतात आणि ‘आनंददायी अध्ययन’ या विषयावरचे सरकणारे फलक पाहून चहाला उठतात.

आणखी एक प्रशिक्षण आहे, ज्याला शिक्षक खरोखर घाबरतात, कारण त्याला पगार जोडलेला आहे. ते म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणीचे आणि निवडश्रेणीचे. पहिले बारा वर्षांच्या सेवेनंतर, दुसरे चोवीस वर्षांनंतर. ज्याला शिकवण्याची भीती वाटते, ज्याचा वर्ग पहिल्या वर्षी हाताबाहेर जातो, त्याच्यासाठी या सक्तीतले काही नाही. ज्याच्या सवयी हाडीमासी खिळल्या त्याला मात्र बोलावून शिकवायचे. लग्नानंतर बारा वर्षांनी वधूवरांना सप्तपदीचा अर्थ समजावण्यातला हा प्रकार आहे.

लालबागच्या एका शाळेतील दुसऱ्या वर्षाचा एक तरुण शिक्षक प्रस्तुत लेखकाला म्हणाला, “सर, मला प्रमाणपत्रे अकरा मिळाली. माझा तास मागे बसून पाहिला असा माणूस अजून एकही मिळाला नाही.” या एका वाक्यापुढे प्रशिक्षणाचे सारे वार्षिक अहवाल फिके आहेत.

दहावीचे पुस्तक काय मागते

आता थोडे पुस्तकाकडे वळू. २०१८ साली आलेले दहावीचे इतिहास व राज्यशास्त्राचे पुस्तक किती पालकांनी उघडून पाहिले आहे? सनावळ्यांचे पुस्तक ते नव्हे. इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा, इतिहासलेखनाची भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे आणि इतिहास, खेळ आणि इतिहास, पर्यटन आणि इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन, असे त्यातले पाठ आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाला इतिहास कसा घडवला जातो, कसा लिहिला जातो आणि कसा जपला जातो, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आमच्या मते तो धाडसी आणि योग्य आहे. परंतु ज्याने स्वतः अभिलेखागाराची पायरी चढलेली नाही, मोडीचा कागद हाती धरलेला नाही, वस्तुसंग्रहालयात वस्तूपुढची पाटी कोण आणि कशी लिहितो हे पाहिलेले नाही, तो शिक्षक हे पाठ कसा शिकवणार? तो तेच करतो जे कोणीही करील. मुद्दे फळ्यावर लिहून देतो. ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेला तेवढे पुरते. ‘उपयोजित इतिहास’ या पाठाची व्याख्या पाठ करून मुले उत्तीर्ण होतात. यापेक्षा इतिहासाचे अधिक अनुपयोजन कोणते असेल?

विडंबना अशी की ज्या भागाविषयी आपण बोलत आहोत, तो या पाठांसाठी जणू बांधलेला आहे. गिरगावातून निघालेला शिक्षक पायी अर्ध्या-पाऊण तासात महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात पोहोचतो. १८२१ साली सुरू झालेले हे दप्तर आज काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तो आजही बसतो. गवालिया टँकपाशी तेजपाल संस्कृत पाठशाळेत डिसेंबर १८८५ मध्ये ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेस जन्मली. तेथून हाकेच्या अंतरावरील मैदानात ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ची गर्जना झाली. सत्तावन्न वर्षांचे अंतर आणि मध्ये काही पावले. ज्या शिक्षकाने मुलांना त्या पावलांवरून चालवले, त्याला ‘नेमस्त ते क्रांती’ हा प्रवास फळ्यावर रेखाटावा लागणार नाही.

काळबादेवीला १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. हा पुणे जिल्ह्यातून आलेला गिरणी कामगार. सरकारपक्ष म्हणाला अपघात, जनता म्हणाली हौतात्म्य. या दोन विधानांपैकी खरे कोणते, हे आपण कशावरून ठरवतो? जागेवर उभे राहून हा प्रश्न विचारला, तर साधनचिकित्सा हा अवघड शब्द न वापरताही ती शिकवता येते. हेच हुतात्मा चौकाचे. २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार आणि जानेवारी १९५६ मध्ये गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत सांडलेले रक्त आठवीच्या पुस्तकात आहे. हुतात्मे किती? कोणी १०५ म्हणतो, कोणी १०६, कोणी १०७. शिक्षक गोंधळतो आणि पुस्तकात असेल तो आकडा लिहून देतो. वास्तविक हा गोंधळ म्हणजे त्याला मिळालेली देणगी आहे. याद्या वेगळ्या का झाल्या, कोणाचे नाव नंतर आले, सीमाभागातील हुतात्मे कोठे मोजायचे, याचा शोध घेण्यासाठी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे आहेत. १८९८ पासून ही संस्था ग्रंथ जपते आहे. तिच्या दारावरून रोज जाणाऱ्या किती शिक्षकांना कोणी हात धरून आत नेले?

दादरची तर काय गोष्ट सांगावी! पुलाच्या पूर्वेला हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘राजगृह’, पश्चिमेला शिवाजी पार्कला ‘सावरकर सदन’. १९३८ नंतर काही वर्षे हे दोन ग्रंथप्रेमी, दोन बॅरिस्टरीचा अभ्यास केलेले, जातिभेदाचे दोन कठोर टीकाकार एकाच उपनगराचे रहिवासी होते. त्यांचे मार्ग वेगळे होते, काही प्रश्नांवर तीव्र मतभेद होते. आज मात्र एकाचा विद्यार्थी पुलाच्या त्या बाजूचा आणि दुसऱ्याचा या बाजूचा, अशी वाटणी करणाऱ्यांनी दुकाने मांडली आहेत. ही वाटणी मोडण्याचे सामर्थ्य दहा सभांत नाही. दोन्ही वास्तूंपुढे त्याच मुलांना उभे करणाऱ्या एका शिक्षकात आहे. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले आणि १९२४ साली परळच्याच दामोदर सभागृहातील सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची उभारणी झाली. दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले तेव्हा नाट्यकर्मींनी आवाज उठवला. शेजारच्या शाळांतून त्या आठवड्यात ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ हा पाठ चालू असेल, तर मुलांना या दोन गोष्टींचा संबंध कोणी लावून दाखवला असेल का? शंकाच आहे.

आणि गिरणगाव? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या वेळी पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीकडे झुकला आहे आणि त्याची नात नववीत शिकते. जिवंत साधन घरात बसले आहे! नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील अशाच माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ साली त्यांचा मौखिक इतिहास पुस्तकरूपाने आणला. त्यांचा वैचारिक कल आमचा नाही. परंतु त्या चाळींतून फिरल्या, त्यांनी ऐकले, लिहिले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. आपल्यापैकी किती जण फिरले? इतिहास डाव्यांनी बळकावला अशी तक्रार करताना, ते काम करीत होते त्या वेळी आपण काय करीत होतो, हा प्रश्न टाळता येत नाही. मुलाखत कशी घ्यावी, आजोबांची आठवण आणि पुराव्याने सिद्ध झालेली घटना यांत फरक कसा करावा, हे तरुण शिक्षकाला दोन शनिवारांत शिकवता येईल. त्यासाठी ना पोर्टल लागते, ना पासवर्ड.

नगरसेवक नसलेले नागरिकशास्त्र

नागरिकशास्त्राची कथा याहून करुण आहे. सहावीच्या पुस्तकात शहरी स्थानिक शासनसंस्थांचा पाठ आहे. नगरसेवक कसे निवडून येतात, महापौर कोण, आयुक्त काय करतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. जून २०२२ मध्ये सहावीत हा पाठ शिकलेला परळचा मुलगा नववीत गेला, तरी त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. संविधानाचे २४३-यू हे कलम सांगते की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. २२७ प्रभागांचे हे शहर जवळजवळ चार वर्षे त्याविना चालले.

त्या काळात नागरिकशास्त्राच्या नव्या शिक्षकाने काय सांगितले असेल? बहुतेकांनी पाठ जसाच्या तसा वाचला. एखाद्या मुलाने विचारले असेल, “बाई, आपला नगरसेवक कोण?” तर उत्तर काय मिळाले? या भागातील वर्गांत सर्व पक्षांच्या घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. एकाच चाळीच्या दोन मजल्यांवर दोन झेंडे असतात. शिक्षकाला भीती वाटते की आपण काही बोललो तर सायंकाळी शाळेच्या फाटकावर कोणीतरी उभे असेल. म्हणून तो गप्प बसतो. हे मौन भेकडपणाचे नव्हे, अप्रशिक्षितपणाचे आहे. निवडणूक लांबली ही वस्तुस्थिती. ती आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादांत अडकली हे कारण. दोष कोणाचा हे मत. या तीन गोष्टी वेगळ्या ठेवून पहिल्या दोन निर्भयपणे सांगता येतात आणि तिसरीवर मुलांना सभ्यपणे वाद घालू देता येतो. हे कौशल्य उपजत नसते. पोहण्याप्रमाणे ते पाण्यात उतरवून, शेजारी उभे राहून शिकवावे लागते.

गंमत म्हणजे निवडणुकीचे खरे प्रशिक्षण या शिक्षकाला मिळते, पण ते निवडणूक आयोगाकडून! शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढ्या कामांसाठी शिक्षकाला वर्गाबाहेर काढता येते. मतदान यंत्र कसे जोडावे, मतदाराची ओळख कशी पटवावी, हे तो तेथे नेमके शिकतो, कारण तेथे चूक झाली तर कारवाई होते. वर्गात चूक झाली तर कोणालाच कळत नाही.

येथे आपल्या विचारांच्या वाचकांना एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. ‘आपल्या विचारांचा’ शिक्षक हवा, असे आपण वारंवार म्हणतो. वर्गात घोषणा देणारा शिक्षक कोणाच्याही विचारांचा असला तरी निरुपयोगीच. शिवछत्रपतींचे कर्तृत्व सिद्ध करण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. महाराजांनी सुभेदाराला लिहिलेल्या आज्ञापत्रातील रयतेच्या भाजीच्या देठाची काळजी मुलांपुढे ठेवली तरी पुरते. पण त्यासाठी शिक्षकाने असे पत्र स्वतः वाचलेले असले पाहिजे. दिल्लीतील सत्ता बदलली, पुस्तके बदलली, मुखपृष्ठे बदलली. शिक्षक घडवण्याची रीत मात्र पूर्वीचीच राहिली आणि तिच्याविषयी आपल्याकडून एकही मोर्चा निघाला नाही.

बाळशास्त्रींचा वर्ग

मुंबईला हे नवे नाही, हेच तर दुःख आहे. मराठी शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून १८४५ साली या नगरीत नॉर्मल वर्ग निघाला, तेव्हा त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे दिली गेली. ‘दर्पण’कार म्हणून आपण दरवर्षी त्यांना हार घालतो, शिक्षकांचे शिक्षक म्हणून त्यांचे स्मरण कोणी करीत नाही. हा माणूस ताम्रपट आणि शिलालेख वाचून त्यांवर लिहीत असे, त्याने मुलांसाठी इतिहासाची पुस्तके रचली, ज्ञानेश्वरीची शिळाप्रत शोधून छापविली. म्हणजे ज्याने साधने हाताळली होती, तोच शिकवणाऱ्यांना शिकवत होता. आज पावणेदोनशे वर्षांनंतर शिकवणाऱ्यांना शिकवतो तो पडद्यावरचा अनोळखी आवाज.

बाहेरच्या जगात पाहावे तर जपानने १९८९ पासून नव्या शिक्षकासाठी वर्षभराचे दीक्षापर्व कायद्याने सक्तीचे केले आहे आणि सहकाऱ्याचा तास मागे बसून पाहून त्यावर एकत्र चर्चा करणे ही तेथील शाळांची जुनी रीत आहे. इंग्लंडने २०२१ पासून दोन वर्षांचे पर्व ठरवले. पहिल्या वर्षी तासिकांत दहा टक्के, दुसऱ्या वर्षी पाच टक्के सवलत आणि प्रत्येकाला एक मार्गदर्शक. आपल्याकडे नेमके उलटे. नवा आला की सर्वात अवघड वर्ग, सर्वात जास्त तास, वर स्नेहसंमेलनाची जबाबदारी, कारण तो ‘तरुण आहे, करील’.

पैसा नाही, ही सबब येथे चालणार नाही. पुराभिलेखागार आहे, भायखळ्याला १८७२ पासूनचे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, ग्रंथालये आहेत. दादर, गिरगाव, माहीम येथे निवृत्त इतिहास-शिक्षक आहेत, ज्यांची प्रकृती ठणठणीत आहे आणि ज्यांना दुपारी चारनंतर कोणी विचारत नाही. धोरणातील ५० तासांपैकी २० तास पडद्यावरून उतरवून या जागांवर आणावेत, ते अधिकृतपणे मोजले जावेत आणि शिक्षण सेवकाच्या तीन वर्षांत प्रत्येकाच्या मागे एक अनुभवी शिक्षक बसावा, ही मागणी शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयाकडे कोणी ठामपणे केली आहे का? खर्च म्हणाल तर बेस्टच्या तिकिटाचा. लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांनी एका देखाव्याचा थर्माकोल वाचवला, तरी एका वॉर्डातील सर्व नव्या शिक्षकांचा वर्षाचा चहापाण्यासह खर्च निघेल. लोकमान्यांना उत्सवातून लोकशिक्षणच अपेक्षित होते, हे मंडळांच्या अहवालात दरवर्षी छापले जाते.

आणि शासनाच्या नावाने खडे फोडून आपल्या संस्थाचालकांना मोकळे सोडणे हा अन्याय होईल. या भागातील मराठी शाळा चालवणाऱ्या संस्था शतकी परंपरेच्या आहेत. त्यांच्या विश्वस्तांत आपले अनेक स्नेही आहेत. शताब्दीच्या स्मरणिका ते उत्तम काढतात, इमारतीच्या पुनर्विकासाचे चटईक्षेत्र त्यांना तोंडपाठ असते, इंग्रजी माध्यमाची तुकडी कधी सुरू करायची याचे गणितही पक्के असते. आपल्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्याने गेल्या वर्षात कोणते नवे पुस्तक वाचले, हे विश्वस्त मंडळाच्या किती सभांत विचारले गेले? शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्रांचा निदान एक शिक्षक सांगितला आहे. तो कागदावर असतो, तासाला असतो का, हे पाहण्यासाठी शासनाची परवानगी लागत नाही.

शाळांची वेळापत्रके मे महिन्याच्या अखेरीस तयार होतात. मुख्याध्यापक कोरा तक्ता समोर घेतात. प्रथम गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे तास बसवले जातात, मग भाषा, मग प्रयोगशाळा. खाली ज्या चौकटी रिकाम्या उरतात त्यांत ‘इति.-ना.’ असे लिहिले जाते आणि पुढे, ज्याचे तास भरले नसतील, त्याच्या नावाचे आद्याक्षर. विश्वस्त मंडळाच्या सभासदांनी, पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधींनी यंदा तो तक्ता जूनच्या आधी मागवून घ्यावा आणि ती आद्याक्षरे कोणाची आहेत, हे वाचून पाहावे.